स्पीच थेरपिस्ट व्हायचंय? नागपूरच्या पोरापोरींसाठी, बारावीपासून एम.एस्सी.पर्यंत

दरवर्षी बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की माझ्या क्लिनिकच्या फोनवर पेशंटपेक्षा पोट्ट्यांच्या आईबाबांचेच फोन जास्त येतात. "मॅडम, एमबीबीएसला काही लागून नाही राहिलं, तुमचं ते स्पीचवालं होते का?" होते ना, काऊन नाही होत. पण तोच तोच जबाब फोनवर देऊन देऊन माझा घसा बसला, आणि आवाजाच्या डॉक्टरचाच घसा बसला तर लोक हसतील, म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी स्वतः नागपूरची, बीएएसएलपी म्हणजे यातली बॅचलर डिग्री मुंबईत केली, एम.एस्सी. म्हैसूरला, आणि परत येऊन इथेच बसलेय.

आधी नावाचा घोळ. लोक म्हणतात स्पीच थेरपिस्ट, डिग्रीवर लिहिलेलं असतं ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. ऑडिओलॉजी म्हणजे कानाचं, ऐकू किती येतं ते मोजणं, मशीन बसवणं, कॉक्लियर इम्प्लांटचं मॅपिंग, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवलेल्या यंत्राची जुळवणी. दुसरं बोलण्याचं, भाषेचं, आवाजाचं, आणि गिळण्याचंसुद्धा. बॅचलर डिग्रीत दोन्ही शिकवतात, एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी एक निवडावं लागतं, काही विद्यापीठांत दोन्हीचं मिळून एमएएसएलपी असतं. याशिवाय डीएचएलएस नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, तो मान्यताप्राप्त आहे पण त्याने तुम्ही सहाय्यक होता, स्वतंत्र थेरपिस्ट नाही. आणि इन्स्टावर तीन महिन्यांत सर्टिफिकेट देणारे जे कोर्स दिसतात त्यांच्यापासून लांब राहा, कारण भारतात हे काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि १९९२ च्या आरसीआय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हजार रुपये वाचून हसू येतं मला पण माहिती आहे, पण कैद पण लिहिलीय त्यात.

फॉर्म भरायच्या आधी दोन सकाळी बसून या

हे कोणी करत नाही आणि मग दुसऱ्या सेमिस्टरला रडतात. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे आपल्या सरकारी हॉस्पिटलांत, ईएनटी ओपीडीत, नाहीतर इथल्या सीआरसीत म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी केंद्रात, नाहीतर ओळखीच्या कोणाच्या खाजगी क्लिनिकमध्ये, रीतसर परवानगी काढून, मोबाइल बॅगेत टाकून, कोपऱ्यात दोन सकाळी बसा. काय दिसेल सांगते. तीन वर्षांचं लेकरू, एक शब्द नाही, आजी सोबत, आजी म्हणते याचा बाप पण उशिराच बोलला होता आणि देवळातल्या घंटेतलं पाणी पाजून झालंय, जीभ चिकटलीय का बघा. तुम्हाला वाटेल आता थेरपिस्ट त्याला बोलायला शिकवतील. नाही. त्या आधी कान तपासायला पाठवतात. ओएई, बेरा, या ऐकू येतं का ते बघायच्या टेस्ट. कारण ऐकूच येत नसेल तर बोलणार काय? खरं म्हणजे हे बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत थांबायलाच नको होतं, जगभर नियम असा मानतात की एका महिन्यात स्क्रीनिंग, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू. आपल्याकडे लोक तीन वर्षांचं लेकरू घेऊन येतात आणि आपण त्यांना रागवायचं नसतं, हे पण शिकावं लागतं.

त्याच सकाळी दुसरा पेशंट असेल चाळिशीचा माणूस, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. खर्रा. नागपुरात हे काम करायचं तर खर्ऱ्याशी गाठ पडणारच, पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून देतात ना, त्याचा शेवट आमच्या टेबलावर येतो. जिभेचा कॅन्सर, अर्धी जीभ काढलेली, आता बोलणं कसं आणि त्याहून आधी पाणी गिळणं कसं. गिळताना पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, त्यामुळे कोणाला किती घट्ट द्रव आणि किती मऊ अन्न द्यायचं हे ठरवणं आमचं काम, त्याची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय पायरी आहे, आयडीडीएसआय म्हणतात. मी घरच्यांना भाताची पेज, पातळ वरण, घट्ट ताक असंच सांगते, आणि चमच्यावरून कसं ओघळतं ते समोर करून दाखवते, तेव्हा समजतं.

या दोन सकाळींनंतरही घरी येऊन जेवण गेलं तर फॉर्म भरा.

बीएएसएलपी: घुसायचं कसं

चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. बारावी सायन्स लागतं. बायोलॉजीवाल्यांना सगळीकडे दार उघडं, मॅथ्सवाल्यांनाही बऱ्याच ठिकाणी चालतं, पण प्रत्येक संस्थेचा नियम थोडा वेगळा. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या म्हणजे एमयूएचएसच्या कॉलेजांत प्रवेश नीटच्या मार्कांवर, सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून होतो, त्यामुळे "नीट तर एमबीबीएससाठी असते" असं म्हणत फॉर्मच न भरणारी पोरं इथे आपटतात. एमबीबीएसइतके मार्क लागत नाहीत, पण परीक्षा दिलेली पाहिजे. ऑप्शन भरताना फिजिओ, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी आणि आपलं बीएएसएलपी एकाच यादीत दिसतं, लोक फिजिओ वर टाकतात आणि हे खाली, मग लागलं की म्हणतात आता काय करू. हवं असेल तर वर टाका ना राजेहो.

मुंबईत दोन मोठी नावं, वांद्र्याच्या रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ ची, आणि नायर हॉस्पिटलची शाळा, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. पुण्यात भारती विद्यापीठ. राज्याबाहेर म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ ची, तिला सगळे आईश म्हणतात, तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. कॉलेज कुठलंही असो, पैसे भरायच्या आधी आरसीआयच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा आणि त्यात कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे हे तिन्ही बघा. "मान्यता येऊन राहिली" असं काउंटरवरचा माणूस म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

पहिल्या वर्षी काय असतं? शरीररचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, थोडी इलेक्ट्रॉनिक्स. बायोलॉजीवाल्यांना डेसिबल आणि लॉगरिदम जड जातं, मॅथ्सवाल्यांना चेहऱ्याच्या नसा. सगळ्यांनाच जड जाते ती आयपीए, म्हणजे प्रत्येक आवाजाला एक चिन्ह असलेली ध्वनिलिपी. मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा आहे, आपली वर्णमालाच मुळात तोंडातल्या जागेप्रमाणे लावलेली, क-ख-ग मागे टाळूपाशी, त-थ-द दातांशी, प-फ-ब ओठांवर. शाळेत घोकलेलं ते एकदम कामी येतं.

क्लिनिक, म्हणजे खरा कोर्स

थिअरीत साठ टक्के आले की सत्तर याने पुढे फारसा फरक पडत नाही, पण क्लिनिकच्या तासांची डायरी तुम्ही कशी भरली याने पडतो. पहिल्यांदा नुसतं बघायचं, मग सिनियरच्या मागे, मग पेशंट तुमचा. प्रत्येक सेशनचा प्लॅन लिहायचा, आणि ध्येय असं लिहायचं की मोजता आलं पाहिजे. "मुलगा क चांगला म्हणेल" हे ध्येय नाही. "शब्दाच्या सुरुवातीचा क चित्र बघून १० पैकी ८ वेळा बरोबर" हे ध्येय. पहिले सहा महिने सुपरवायझर लाल पेनाने सगळं खोडतात, रडायला येतं, येऊ द्या.

एक उदाहरण जवळून देते. चार वर्षांची मुलगी, काकाला "ताता" म्हणते, कपाला "तप". क पाहिजे तिथे त, म्हणजे जिभेचा मागचा भाग वर जायला हवा तिथे टोक वर जातंय. करायचं काय? एक पद्धत, तिला पाठीवर झोपवायचं, म्हणजे जीभ आपोआप मागे घसरते, आणि गुळण्या केल्यासारखा आवाज काढायला लावायचा. दुसरी, लाकडी पट्टीने जिभेचं टोक हलकेच खाली धरायचं आणि "ता" म्हणायला सांगायचं, टोक अडकल्यामुळे मागचा भाग उठतो आणि "का" निघतो, आणि ती स्वतःच दचकून आईकडे बघते. मग "कार-तार", "कान-तान" अशा जोड्यांची चित्रं. मुलगी "तार" म्हणाली की मी तारेचं चित्र उचलते, तिला कार पाहिजे असते, ती चिडते, आणि त्या चिडण्यातून तिला कळतं की आवाज बदलला की वस्तू बदलते. हे सगळं पुस्तकात दोन ओळींत आहे. हाताला यायला मला चार महिने लागले.

आता माझी चूक सांगते, कारण विदर्भातल्या पोरांनी ही वाचलीच पाहिजे. इंटर्नशिपच्या पोस्टिंगला मी नागपुरात एका हॉस्पिटलात होते. काटोलकडच्या एका खेड्यातून आठ वर्षांचा मुलगा आला, तक्रार अशी की अभ्यासात मागे आणि बोलणं साफ नाही. मी चित्रांची टेस्ट काढली. डोळा, तो म्हणे "डोया". शाळा, "शाया". कावळा, "कावया". फळा, "फया". मी खूश. एकदम पक्की एकसारखी चूक, ळ च्या जागी य, मी टेबल आखून रिपोर्ट लिहिला आणि बारा सेशनचा प्लॅन पण करून टाकला. सुपरवायझर मॅडमनी वाचला, काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या बाहेरून त्याच्या वडिलांना बोलव आणि यातलीच चार चित्रं त्यांना दाखव. मी डोळ्याचं चित्र धरलं तसा त्या माणसाचा चेहरा उतरला, म्हणे, "मॅडम, पोट्ट्याचे डोये तं चांगले हायेत न?"

डोये. बाप म्हणतो डोये, आई म्हणते डोये, सगळं गाव म्हणते डोये. वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतोच, तो आजार नाही, ती त्याची भाषा आहे, आणि मी, जिची स्वतःची आजी आयुष्यभर "काया डोया" म्हणत आली, मुंबईत तीन वर्षं राहून त्याला रोग लिहून बसले होते. बारा सेशनमध्ये मी त्या पोराला त्याच्या आईपेक्षा वेगळं बोलायला शिकवणार होते आणि वरून बिल पण लावणार होते. त्याहून वाईट म्हणजे त्या ळ च्या मागे लागून मी खरी गोष्ट सोडली. रेकॉर्डिंग परत ऐकलं तर तो दर दुसऱ्या प्रश्नाला "हं?" म्हणत होता. कानाचा टिम्पॅनोग्राम काढला, दोन्ही बाजूंनी सपाट रेघ, पडद्यामागे पाणी साचलेलं. मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराला फळ्यावरचं वाचता येत होतं पण सरांचं अर्धं ऐकूच येत नव्हतं. ईएनटीकडे पाठवला, इलाज झाला.

तेव्हापासून माझी सवय अशी की टेस्टच्या आधी पाच मिनिटं आईशी किंवा बापाशी नुसत्या गप्पा, पाऊस, शेत, एसटी, काही पण, आणि कान त्यांच्या ळ कडे, ण कडे. पाणीला "पानी" म्हणतात का, हेही. आपल्याकडे छिंदवाड्या-शिवनीची हिंदी येते, गडचिरोलीची गोंडी येते, मेळघाटातून कोरकू येते, आणि छापील टेस्ट पुण्यामुंबईच्या मराठीच्या. तुमच्या कॉलेजात मराठीच नसेल शिकवत तर निदान हे लक्षात ठेवा की आपली बोली तुम्हाला येते हे तुमच्याकडचं हत्यार आहे, लपवायची गोष्ट नाही. हॉस्टेलवर पोरं "काय करून राहिली बे" वरून चिडवतील, चिडवू द्या.

एम.एस्सी.: लगेच की नंतर?

मला विचाराल तर बीएएसएलपी झाल्यावर आरसीआयचं रजिस्ट्रेशन करून एक वर्ष नोकरी करा, मग एम.एस्सी. सगळे याच्या उलट सांगतात, की अभ्यास सुटतो. सुटतो थोडा, पण एक वर्ष पेशंट बघितल्यावर कळतं की तुम्हाला स्ट्रोकची माणसं आवडतात की लेकरं, आवाज की गिळणं, आणि कान की बोलणं, जे आधी नुसतं मैत्रिणीने घेतलं म्हणून निवडलं जातं. घरची परिस्थिती अशी असेल की एकदा नोकरीला लागलं की परत सुटका नाही, तर मग थेट जा, तिथे माझा सल्ला लागू नाही.

दोन वर्षं, चार सेमिस्टर, शेवटी प्रबंध. प्रवेश परीक्षा बहुपर्यायी असते आणि बीएएसएलपीचा सगळा अभ्यास येतो, दोन्ही बाजूंचा, म्हणजे तुम्हाला स्पीच घ्यायचं असलं तरी ऑडिओलॉजीचे प्रश्न सोडता येत नाहीत. अफेजियाचे म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्याचे प्रकार, आवाजाच्या गाठी, तोतरेपणा, टाळू फाटलेल्यांचं बोलणं, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख वाचणं, हे हमखास. जुने पेपर सिनियरकडून मिळतात, गाइडबिइडच्या मागे लागू नका. म्हैसूर, मुंबई, चंदीगडचं पीजीआय, मणिपाल, चेन्नईचं श्री रामचंद्र, तिरुवनंतपुरमचं निश, अशी ठिकाणं लोक भरतात. जागा सगळीकडे मोजक्या, सरकारी संस्थेत फी कमी म्हणून गर्दी तिथे जास्त. उन्हाळ्याच्या आसपास फॉर्म सुटतात, तारखा एकमेकांवर येतात, मार्कशीट आणि जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर हे आधीच काढून ठेवा. सेतू केंद्रासमोर नागपूरच्या मे महिन्यात रांग लावून बघितलीय मी, नको.

संस्था निवडताना नाव बघण्याआधी एक प्रश्न विचारा: तिथे तुमच्या आवडीचे पेशंट रोज किती येतात, आणि विद्यार्थ्याला हात लावू देतात का. गिळण्याचं काम शिकायचं असेल तर मोठ्या हॉस्पिटलला जोडलेली जागा पाहिजे, जिथे एंडोस्कोपीने किंवा बेरियम पाजून एक्स-रेवर गिळणं बघता येतं. लेकरांचं आणि भाषेचं शिकायचं असेल तर स्वतंत्र संस्था चांगल्या.

म्हैसूरला गेलात तर भाषा शिकावी लागेल, हे कोणी आधी सांगत नाही. वर्ग इंग्रजीत, पेशंट कन्नडमध्ये. मी नागपूरहून बंगळूर आणि तिथून म्हैसूर अशी पोचले तेव्हा मला येत होतं फक्त "बन्नी", म्हणजे या. पहिल्या आठवड्यात "निम्म हेसरु एनु?" पाठ केलं, नाव काय तुमचं, आणि पेशंट नावानंतर जे दोन मिनिटं बोलला ते काही कळलं नाही, मी मान हलवत बसले. तीन महिन्यांत कामापुरती आली. मेसवाल्या अक्का रोज विचारायच्या "ऊट आयता?", जेवण झालं का, आणि मला वाटतं खरी कन्नड मी त्यांच्याकडूनच शिकले. पण गंमत अशी की भाषा कळत नसताना माझे कान जास्त उघडले, शब्द सोडून नुसता आवाज, श्वास, थांबे ऐकू यायला लागले. अफेजियाचा पेशंट सलग, सुरात बोलतोय आणि समोरचे कन्नड लोक पण गोंधळून बघतायत, तेव्हा समजायचं की अर्थ लागत नाहीये तो फक्त मला नाही, आणि हा वेर्निकेचा प्रकार असू शकतो.

प्रबंधाचा विषय आपल्या मातीतला घ्या, असं मी प्रत्येक ज्युनियरला सांगते. इंग्रजी टेस्ट उचलून पन्नास लोकांवर लावण्यापेक्षा वऱ्हाडी बोलणाऱ्या लेकरांचे आवाज कुठल्या वयात कसे पक्के होतात असलं काही केलं तर ते उद्या तुमच्याच टेबलावर वापरता येईल. गाइड सुरुवातीला नाही म्हणतील, नमुना कुठून आणणार विचारतील. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावची जिल्हा परिषद शाळा, हे उत्तर तयार ठेवा, फक्त एथिक्स कमिटीची परवानगी आणि पालकांच्या सह्या आधी.

अमेरिकेचं पण विचारतात. थोडक्यात, तिथे बॅचलरवर थेरपिस्ट होता येत नाही, तिथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठातून मास्टर्स लागतं, त्यात ४०० क्लिनिकल तास, त्यातले २५ नुसते निरीक्षणाचे, मग प्रॅक्सिस परीक्षेत १६२ गुण, मग कमीत कमी ३६ आठवड्यांची आणि १,२६० तासांची फेलोशिप, तेव्हा कुठे त्यांच्या संघटनेचं म्हणजे आशाचं सर्टिफिकेट. आपलं बीएएसएलपी त्यांच्या पूर्वअभ्यासात बरंचसं धरलं जातं, पण इथली डिग्री घेऊन थेट काम असं नाही. जायचं असेल तर इथल्या क्लिनिकच्या तासांचे सही-शिक्क्याचे कागद पहिल्या वर्षापासून फाइलला लावा, चार वर्षांनी सुपरवायझर बदललेले असतात आणि मग कोणी सही देत नाही.

रजिस्ट्रेशन आणि पहिला दिवस

डिग्री हातात आली की आरसीआयकडे ऑनलाइन अर्ज, त्यातून सीआरआर नंबर म्हणजे तुमचा नोंदणी क्रमांक मिळतो, तो तुमच्या रिपोर्टवर सहीखाली लिहायचा. एम.एस्सी. झाल्यावर ती पात्रता त्याच नोंदणीत वाढवून घ्यायची, हे बरेच जण विसरतात आणि सरकारी जाहिरात निघाली की धावपळ करतात. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सीआरईचे गुण म्हणजे मान्यताप्राप्त सेमिनार, वर्कशॉप. शेवटच्या वर्षी सगळे एकदम गोळा करायला जाऊ नका. कामाच्या जागा म्हणाल तर हॉस्पिटलं, जिल्ह्याची डीईआयसी म्हणजे लहान लेकरांचे दोष लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं, विशेष शाळा, कानाच्या मशीनची दुकानं, स्वतःचं क्लिनिक. मशीनच्या दुकानात पगार लवकर मिळतो पण महिन्याला किती मशीन विकले ते पण विचारतात, आधी विचार करून जा.

आणि पहिल्या पोस्टिंगला जाताना पिशवीत काय ठेवायचं ते सांगून टाकते. हातात मावेल असा आरसा, लाकडी पट्ट्या, ग्लोव्ह्ज, स्टॉपवॉचवाला फोन, साबणाच्या फुग्यांची बाटली, एक टॉर्च, चित्रं घरी स्वतः छापून लॅमिनेट केलेली. चित्रांत सफरचंद आणि इग्लू नको, संत्रं, बैल, एसटी, पाटावरवंटा असं ठेवा, ओळखता न आलेल्या चित्राला पोरं गप्प बसतात आणि आपण लिहितो शब्दसंग्रह कमी. फुगे सगळ्यात आधी संपतात. टॉर्चचे सेल दोन जास्त घ्या, माझा पहिल्याच दिवशी पेशंटचं तोंड उघडं असताना बंद पडला होता.